मानस

प्रकल्पाचं नाव इतकं लांब, की दारावरच्या पाटीवर मावेना.
म्हणून पाटीवर नुसतं 'स्फोट' लिहिलंय,
आणि पोस्टमन रोज घाबरल्याचं सोंग करून
लिफाफा फटीतून आत सरकवतो.

आम्ही चौघं.
उसगांवकर सर लढाया बघतात,
शांबा तारकर लोखंड,
ऑर्लांदा कुलासो मेंदू,
आणि मी पोर्तुगीज कागद मराठीत आणते,
अकरा महिन्यांच्या करारावर.

विषय एकच: एकसष्टच्या डिसेंबरात
बाणस्तारीचा पूल उडाला तो क्षण.
सरांना तोच सापडत नाही.
जाणाऱ्या फौजेच्या अहवालात एक वेळ,
येणाऱ्या फौजेच्या डायरीत दुसरी.
मधली चाळीस मिनिटं
कुणाच्याच बाजूने लढली नाहीत.

शांबाने चिखलातून तुळईचा तुकडा काढला,
मुठीएवढा, कालवं चिकटलेला.
घासला, आम्लात बुडवला, भिंगाखाली धरला.
कणाकणात बारीक, समांतर रेषा.
'दाब असा आला,' तो म्हणाला,
'की वाकायलाही वेळ मिळाला नाही.'
मग त्याच हातांनी पोई तोडून
मिस्कुटाच्या फोडीशी खाल्ली.

तिसरा पुरावा बसने आला,
अर्ध्या तिकिटाची चौकशी करत.
सगुण कुंडईकर. तेव्हा अकरा वर्षांचे.
डाव्या कानात तेव्हापासून एक सूर,
लग्नात होता, बायकोच्या तेराव्यालाही होता.

ऑर्लांदाने त्यांना बांबोळीच्या बंद खोलीत बसवलं,
यंत्रावर सूर चढवत नेला.
'हा?'
'न्हय. हाचे परस बारीक.'
सहा हजारांच्या जरा वर त्यांनी हात उचलला,
पंगतीत 'पुरे' म्हणून उचलतात तसा.

'कान नाही वाजत, बाबा,' ती सांगू लागली.
'आतले बारीक केस त्या दिवशीच मेले.
मेंदूला ती शांतता सोसेना,
त्याने आवाज आपणच केला.'
'म्हणजे मानस,' ते म्हणाले.
मी म्हटलं, हो, मानस, मन.
'मन न्हय गो! बांधावरची मानस. दार.
ओहोटीला उघडते, भरतीला आपसूक लागते.
तिच्याच तोंडाशी जाळं लावून बसलो होतो मी.
ती लागली ती लागली.'

शब्दकोशात मी दोन्ही अर्थ पाहिले.
पहिल्याला पान भरून जागा दिलेली,
दुसरा नव्हताच.

मग चाचणी.
मिनिटभर कानात खरखराट सोडायचा
आणि एकदम तोडायचा.
काही जणांचा सूर त्यानंतर थोडा वेळ नाहीसा होतो.
त्यांचा झाला.
बावीस सेकंद.
आम्हाला वाटलं, हसतील.
त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले.
'खंय गेलो?'
ऑर्लांदा घड्याळाकडे बघत राहिली,
मी तिच्याकडे.
'आयलो,' ते म्हणाले, आणि श्वास सोडला,
शेवटच्या फेरीबोटीतून मुलगा उतरावा तसा.

निघताना सरांनी विचारलंच:
वेळ काय झाली होती हो तेव्हा?
'घड्याळ कोणाकडे होतं?
सुंगटं अर्धी टोपली झाली होती.
पाणी फिरत होतं,
दार लागायच्या बेतात.'

शांबाने खायचं थांबवलं.
त्या रात्रीच्या भरती-ओहोटीचा तक्ता मागवला,
मांडवीचं तोंड ते बाणस्तारी, पाण्याला लागणारा उशीर मोजला,
पेन्सिलीने खाडाखोड केली दोन पानं.
उत्तर त्या चाळीस मिनिटांतच पडलं,
मधोमध नाही, थोडं अलीकडे.

सर बराच वेळ खिडकीशी उभे होते.
त्यांनी दोन्ही फौजांचे कागद
एकावर एक ठेवले, आणि वर चष्मा.

निबंध गेला, परत आला.
तळटीप एकतीस: अर्धी टोपली.
परीक्षकांनी समासात विचारलंय,
एकक कोणतं?

उत्तर मला लिहायचंय.
टोपली केवढी होती, हे विचारायला
उद्या कुंडईला जाईन.
करार मेमध्ये संपतो.